तुम्ही विचारलंत म्हणून: अणू आधी की मोजपात्र?

हायस्कूलच्या मुलांना भौतिक विज्ञानाची पहिली ओळख करून द्यायची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने येते, ते शिक्षक हमखास विचारतात, ‘सुरुवात कशापासून करायची? सगळं अणूंचंच बनलंय, मग अणूपासूनच करावी ना?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले पाच-सहा आठवडे अणूचं नाव काढू नका. तराजू आणि मोजपात्र बाहेर काढा. वस्तुमान, आकारमान, घनता, बस्स. अणूची चित्रं मुलं झकास काढतात, पण ती सगळी ऐकीव माहिती. ‘हे कशावरून?’ असं विचारलं, की ‘पुस्तकात आहे’ यापलीकडे त्यांच्याजवळ काही नसतं.

पहिल्या तासाला धातूचा एकच तुकडा वर्गात फिरवा. प्रत्येक जोडीने तो 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल तराजूवर ठेवायचा आणि आकडा चिठ्ठीवर गुपचूप लिहायचा. गुपचूप हे महत्त्वाचं. नाहीतर तिसऱ्या जोडीपासून सगळ्यांचं उत्तर एकच येतं. मग फळ्यावर स्तंभालेख काढा. 24.2, 24.3, 24.4 असे आकडे पसरलेले दिसतात आणि एखादा भलतीकडेच असतो. ‘यातलं बरोबर कुठलं?’ हा प्रश्न येणारच. लगेच उत्तर देऊ नका. आधी कारणं शोधायला लावा: ठेवण्यापूर्वी शून्य केलं नव्हतं, पंखा चालू होता, टेबल डुगडुगतं, तुकडा पाण्याने ओला होता.

मोजपात्राला यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. 100 मिलिलिटरच्या पात्रावर 1 मिलिलिटरच्या खुणा असतात. अंदाजाने अर्ध्या खुणेपर्यंत वाचता येतं. काचेच्या पात्रात पाण्याची कड वर चढते, म्हणून मधला खोलगट तळ वाचायचा. प्लॅस्टिकच्या पात्रात पाणी जवळजवळ सपाट दिसतं, तेव्हा ‘खोलगट भाग कुठाय?’ म्हणून मुलं अडतात. उभ्याने वरून पाहिलं तर वाचन खऱ्यापेक्षा जास्त येतं. पात्र उचलून डोळ्यांसमोर धरणंही चूक, कारण हातात ते तिरकं होतं. पात्र टेबलावरच ठेवून गुडघे वाकवायला सांगा.

पाण्यात बुडवायच्या वस्तूची निवड नीट करा. पाणी 2 मिलिलिटरच चढत असेल तर अर्ध्या मिलिलिटरची चूक म्हणजे 25 टक्के झाली. किमान 10 मिलिलिटर तरी चढायला हवं. 27 ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा तुकडा तेवढं चढवतो (घनता दर मिलिलिटरला 2.70 ग्रॅम), पण तेवढ्याच वस्तुमानाचं लोखंड जेमतेम साडेतीन. तुकडा वरून टाकू नका. काचेचा तळ फुटतो. पात्र तिरकं करून घसरत सोडा. मग हलके टिचकी मारा, नाहीतर तुकड्याला चिकटलेले बुडबुडे आकारमान फुगवतात. आणि वस्तुमान 24.3 भागिले आकारमान 8.5 चं उत्तर कॅल्क्युलेटरवर 2.8588235 येतं म्हणून वहीतही तसंच उतरवू देऊ नका, 2.9 पुरे.

आता माझा सगळ्यात आवडता तास. 20, 40, 60, 80, 100 मिलिलिटर पाणी घेऊन दर वेळी पात्रासकट वजन करायला सांगा. रिकाम्या पात्राबद्दल मुद्दाम अवाक्षर काढू नका. ज्यांना ‘वस्तुमान भागिले आकारमान’ पाठ असतं, ते लगेच भागाकार करतात. पात्र 60 ग्रॅमचं असेल तर पहिल्या वाचनाला 4 येतं आणि शेवटच्याला 1.6. पाणी तर तेच! मग आलेख काढायला लावा. बिंदू सरळ रेषेत येतात, पण रेषा शून्यातून जात नाही. वस्तुमानाचा अक्ष 60 वर छेदते. हा 60 आला कुठून, हे कोणीतरी शोधून काढतंच. रेषेचा चढ 1 च्या आसपास येतो, तीच पाण्याची घनता. सूत्र फळ्यावर आधी लिहिलं असेल तर या तासातली सगळी मजा जाते.

वस्तुमान अक्षय्यता, म्हणजे रासायनिक बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हे दाखवायला खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर वापरतात. तिथे नेहमीचा घोळ फुग्याचा. बाटलीच्या तोंडावर फुगा लावला की तराजू सुमारे 0.3 ग्रॅम कमी दाखवतो आणि ‘वायू गळला’ म्हणून शिक्षक सारवासारव करतात. गळलेलं काहीच नसतं. फुगलेला फुगा जास्त हवा बाजूला सारतो, तिचं प्लावक बल (वर ढकलणारा जोर) वाढतं, म्हणून आकडा घटतो. पाव लिटरपेक्षा थोड्या जास्त हवेचं वस्तुमान तेवढंच भरतं. त्यापेक्षा शीतपेयाची 500 मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळाशी 30 मिलिलिटर व्हिनेगर, वर टिश्यूच्या पुडीत 1 ग्रॅम सोडा, झाकण घट्ट. आधी वजन, पुडी भिजू दिल्यावर वजन: फरक नाही. मग झाकण सैल करा, फुस्स होऊ द्या, पुन्हा वजन. तीन-चार दशांश ग्रॅम कमी भरतं. पूर्ण ग्रॅमच दाखवणाऱ्या तराजूवर हा प्रयोग करून उपयोग नाही. सोड्याचं प्रमाण वाढवू नका, बाटली काचेची कधीच नको, आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मे हवेतच.

गटांबद्दल थोडक्यात: दोघांचा गट सर्वांत चांगला. चौघांत दोघे काम करतात, दोघे बघतात. तराजू कमी असतील तर अर्ध्या वर्गाला आलेखाचं काम द्या, नाहीतर रांगेतच तास संपतो. आवराआवरीला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा.

यानंतर अणूकडे वळायचं, तेही वाळूच्या वाटेने. 50 मिलिलिटर कोरड्या वाळूवर 50 मिलिलिटर पाणी ओता. 100 न होता साधारण 80 भरतात. हे मुलांना पटतं, कारण बुडबुडे बाहेर येताना दिसतात. मग 50 मिलिलिटर पाण्यात 50 मिलिलिटर इथेनॉल मिसळा. हे तुम्हीच करून दाखवा, जवळपास कुठेही ज्योत नको, आणि मिश्रण थोडं गरम होतं म्हणून थंड झाल्यावरच वाचा. 96-97 मिलिलिटर भरतं, आणि बुडबुडे मात्र वाळूसारखे निघत नाहीत. वस्तुमान तेवढंच राहतं.

वाळूची उपमा इथे कामाला येते, पण तिचा एक धोका आहे. ‘मग कणांच्या मधल्या फटींत काय असतं?’ असं विचारा. बहुतेक मुलं ‘हवा’ म्हणतील. लगेच दुरुस्त करू नका. ‘आणि हवा कशाची बनलीय?’ एवढंच विचारा आणि उरलेला तास त्या वादाला देऊन टाका.