स्टेनो शिकताना सारख्या आवाजाच्या इंग्लिश शब्दांचं काय केलं – माझा अनुभव

मी मराठी मीडियमची. कोर्टात स्टेनोचा फॉर्म भरायचा म्हणून इंग्लिश शॉर्टहँडचा क्लास लावला आणि सुरुवातीला वाटायचं की स्पीड आला म्हणजे झालं. पण मिनिटाला 80 शब्दांचा स्पीड बसला की खरी गंमत सुरू होते, कारण पिटमन (शॉर्टहँडची आम्ही शिकतो ती पद्धत) सगळं आवाजावर चालतं, स्पेलिंगशी त्याला काही देणंघेणं नाही. प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल आणि प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, दोन्हीला खूण एकच. टाइप करताना शेवटी ए-एल की एल-ई ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्यात स्पीडमध्ये स्वर कोण लावत बसतंय, ते गाळायचेच असतात. खूण ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीतून जाते यावरून पहिल्या स्वराचा अंदाज घ्यायचा. म्हणजे दोनातला दुसरा या अर्थाचं लॅटर ओळीच्या वर आणि नंतर या अर्थाचं लेटर ओळीवर. ठीक आहे, पण पत्रवालं लेटर पण ओळीवरच येतं ना! मग तिथे वाक्य बघूनच ठरवावं लागतं.

आधी सगळे करतात तेच मी पण केलं, जोड्यांची यादी पाठ. खरं सांगू, यादीचा उपयोग कमी होतो, कारण दोन शब्द शेजारी शेजारी पाठ केले की डोक्यात पण ते जोडीनेच येतात आणि ऐन वेळी कुठला कुठला तेच कळत नाही. आमच्या सरांनी सांगितलं जोडी सोड, शब्द त्याच्या सोबत्यांसकट लिही. मग वहीत एकेक पान एकेका शब्दाला दिलं. लर्नेड कौन्सेल फॉर द पिटिशनर, हा वकील, शेवट एस-ई-एल. म्युनिसिपल कौन्सिल, बार कौन्सिल, ही परिषद, शेवट सी-आय-एल. प्रिन्सिपल अमाउंट विथ इंटरेस्ट आलं की ए-एल, तिथे विचारच करायचा नाही. अपघाताच्या क्लेममध्ये ट्रक स्टेशनरी असतो म्हणजे उभा असतो, तो ए-वाला. कागद-पेनवाली स्टेशनरी ई-वाली, एन्व्हलपचा ई लक्षात ठेवा, असल्या युक्त्यांपैकी मला चाललेली ही एकच.

सगळ्यात आवडती जोडी ऑर्डिनन्स आणि ऑर्डनन्स. पहिला अध्यादेश, राष्ट्रपती कलम 123 खाली काढतात आणि राज्यपाल 213 खाली. दुसरा दारूगोळा, आपल्या वरणगाव, भंडारा, अंबाझरीच्या फॅक्टरीच्या नावातला. मधला आय गेला की कायद्याचा बॉम्ब होतो. आणि स्पेलचेक ढिम्म, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, तो कशाला लाल रेघ मारेल.

पर्सिक्यूट म्हणजे छळणं आणि प्रॉसिक्यूट म्हणजे खटला भरणं, यांची भीती वाटायची पण यांना पिटमनमध्येच मुद्दाम वेगळ्या खुणा दिल्यात, त्या तेवढ्या घोटून घ्या.

राहिला सी आणि एस चा घोळ. ब्रिटिश पद्धतीत प्रॅक्टिस आणि लायसन्स नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस, आणि आवाज तोच. इथे ॲडव्हाइस कामाला येतो, कारण त्यात फरक कानाला कळतो, नाम ॲडव्हाइस सी ने, क्रियापद ॲडव्हाइझ एस ने, मग तीच चाल बाकीच्यांना लावायची. मोटार वाहन कायदा 1988 उघडून बघा, ड्रायव्हिंग लायसन्स सी ने आणि लायसन्सिंग ऑथॉरिटी एस ने. फक्त कॉम्प्युटरवर भाषा अमेरिकन सेट असेल तर तो बरोबर लिहिलेल्या सी-वाल्या लायसन्सलाच चूक दाखवतो, तेव्हा प्रॅक्टिसला बसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश इंडिया किंवा यूके करून घ्या.