१९३३ ची न छापलेली पाच कार्डं : तिसरा हप्ता

मागच्या हप्त्यात ऑस्कर चार्ल्सटन या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड हातावेगळं झालं होतं आणि जोश गिब्सनच्या चेहऱ्यापाशी गाडी अडली होती. त्याला आता सात आठवडे झाले. गिब्सन पुरा झालाय, कूल पापा बेलची पुढची बाजू झालीय. पण चार्ल्सटन, जो मी ‘झाला’ म्हणून डब्यात ठेवून दिला होता, त्याच्या कार्डाची पाठ, म्हणजे मागच्या बाजूचा मजकूर, पुसून मला पहिल्यापासून लिहावी लागली. ते का घडलं हे सांगायचंय, पण आधी रंगांचं सांगतो, कारण बऱ्याच जणांनी तेच विचारलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने च्युइंगगमच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं घातली. २४० क्रमांकांची मालिका, एकट्या बेब रूथची त्यात चार. जवळपास चौकोनी आकार, चित्रात खेळाडूच्या मागे लाल, पिवळा, हिरवा किंवा निळा असा एकच सपाट रंग आणि बऱ्याच कार्डांच्या तळाशी लाल पट्टी. त्याच उन्हाळ्यात इथे पिट्सबर्गमध्ये, बेडफर्ड अव्हेन्यूवरच्या ग्रीनली फील्डवर, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स नावाचा संघ खेळत होता. सॅचेल पेज, जोश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल, जूडी जॉन्सन. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, गेले. पाचही कृष्णवर्णीय होते, म्हणून मोठ्या लीगची दारं त्यांना बंद होती आणि गमच्या पाकिटातही त्यांना जागा नव्हती. गिब्सनचं जे एक जुनं कार्ड संग्राहक मानतात, ते पोर्तो रिकोच्या टोलेतेरोस मालिकेतलं आहे आणि तेही त्याच्या मृत्यूनंतर छापलेलं. तर ही पाच कार्डं १९३३ मध्ये छापली असती तर कशी दिसली असती, तशी करायची, एवढाच माझा उद्योग आहे.

क्रमांक मी २४१ ते २४५ धरलेत. गाउडीच्या मालिकेत १९३३ साली १०६ क्रमांकाचं कार्ड निघालंच नव्हतं. पोरं ते मिळेल म्हणून गम घेत राहिली आणि नॅप लाजोईचं ते कार्ड कंपनीने १९३४ मध्ये छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने धाडलं. पहिल्यांदा माझ्याही मनात आलं होतं की १०६ वर गिब्सनला बसवावं. मग वाटलं, दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत कशाला? यांची रांग २४० च्या पुढे सुरू होऊ दे.

आता चेहरा. मूळ मालिकेतली चित्रं फोटोवरून रंगवलेली आहेत आणि त्यातल्या कातडीच्या छटा सगळ्या गुलाबी-पिवळसर. त्या छटा उचलून नुसत्या गडद केल्या की चेहरा मातीचा होतो. माझे पहिले चार प्रयत्न असेच गेले. शिकण्यासाठी समोर ठेवावा असा एकही नमुना त्या मालिकेत नाही, कारण असा चेहराच त्यात नाही. शेवटी काळा रंग बाजूला ठेवून पिवळा आणि लाल यांवरच बांधणी केली. उजेडाची बाजू गेरूकडे झुकणारी, गालाखाली लाल जास्त, आणि निळा फक्त हनुवटीच्या सावलीत व टोपीच्या कडेखाली. काळा वापरला तो भुवया आणि नाकपुड्यांपुरता. अकरा पट्ट्या छापून खिडकीशी लावल्या आणि सकाळी, दुपारी, दिव्याखाली पाहिल्या. सातवी पट्टी निवडली. पार्श्वभूमी पिवळी ठेवायची हे आधी ठरलेलं होतं, पण पिवळ्यावर हा चेहरा उष्ण होऊन पुढे येईना. हिरवी केली आणि गिब्सन एकदम कार्डातून बाहेर आला. ज्यांना असे चेहरे करायचेत त्यांनी पार्श्वभूमी आधी ठरवू नये, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

मुद्रेसाठी मी एकच एक फोटो गिरवत नाही. टीनी हॅरिस हे पिट्सबर्ग कुरिअरचे छायाचित्रकार. त्यांच्या जवळपास ८०,००० निगेटिव्ह कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडे आहेत. त्यांतली कृष्णवर्णीय पिट्सबर्गची माणसं, रस्ते आणि खेळाडू तासन्‌तास पाहिले की टोपी डोक्यावर कशी बसायची, बाह्या कितपत सैल असायच्या हे डोळ्यांत मुरतं. मग पेन्सिलने स्वतःचं रेखाटन. गिब्सनचा बांधा खांद्यांत आहे. मानेपासून खांद्याची रेघ मी दोनदा बारीक काढली आणि दोन्ही वेळा तो दुसराच कुणीतरी झाला.

तळाच्या लाल पट्टीत मूळ कार्डांवर ‘बिग लीग च्युइंग गम’ असं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असतं. ते नाव मी घेणार नव्हतोच. तिथे ‘नीग्रो नॅशनल लीग’ लिहायचं ठरवलं. क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली याने १९३३ सालीच कृष्णवर्णीय संघांची ही लीग पुन्हा उभी केली होती. रोमन लिपीत मांडून अक्षरं मोजली तर मूळ शब्दांची १९ आणि या शब्दांचीही बरोबर १९! अक्षरांमधलं अंतर केसभरही हलवावं लागलं नाही. त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून ते दाखवलं.

आणि आता पाठ.

मूळ कार्डांच्या मागे हिरव्या शाईत क्रमांक, नाव, संघ आणि खेळाडूविषयी एक छोटा परिच्छेद असतो. आकड्यांचं कोष्टक नाही, नुसता मजकूर. मी पाठींचे दोन संच करतोय, एक इंग्रजीत आणि एक मराठीत. मराठी संच आईसाठी. सांगलीत आमचा छापखाना होता, एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या केसेस. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थेचे अहवाल. बाबा कंपोझ करायचे आणि मुद्रितं आई तपासायची. मशीन विकून वीस वर्षं झाली, पण आईचा डोळा अजून तसाच आहे.

व्हिडिओ कॉलवर तिला गिब्सनची पुढची बाजू दाखवली. “चांगलाय मुलगा,” म्हणाली. “मागं काय लिहिलंयस ते वाच.” मी वाचलं. जन्म १९११, जॉर्जियातलं ब्युएना व्हिस्टा. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पिट्सबर्गमध्ये निधन. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला. १९७५ पर्यंत थडग्यावर दगड नव्हता. २०२४ मध्ये नीग्रो लीगचे आकडे मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदींत मिळवले गेले आणि फलंदाजीच्या .३७२ च्या सरासरीने त्याने टाय कॉबची विक्रमी .३६७ मागे टाकली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कार्ड कुठल्या सालचं म्हणालास?”

“एकोणीसशे तेहेतीस.”

“मग अरे, तेहेतीस साली तो जिवंत आहे ना? त्याला आत्ताच कशाला मारतोस?”

मी गप्पच झालो. महिनाभर मी टोपीच्या शिलाईवर घासाघीस करत होतो, १९३३ चा हिरवा आणि आजचा हिरवा यांतला फरक शोधत होतो, आणि पाठीवर मात्र त्या माणसाचा मृत्युलेख छापत होतो. १९३३ च्या उन्हाळ्यात गिब्सन २१ वर्षांचा आहे. त्याच्या पुढे सगळं पडलेलं आहे. ज्या पोराने गमचं पाकीट फोडलं असतं, त्याला हे कार्ड उद्याच्या सामन्याला जावंसं वाटायला लावणारं हवं होतं. डब्यातला चार्ल्सटन काढून पाहिला तर तिथेही मी तेच केलं होतं. १९५४ चं निधन, १९७६ चा हॉल ऑफ फेम, सगळं. दोन्ही पाठी मोडल्या.

नवा नियम असा : लेखक ३३ च्या जुलैमध्ये बसलाय, त्याला ऑगस्टचंही ठाऊक नाही. हॉल ऑफ फेम हा शब्दच नाही, कारण कूपर्सटाउनचं ते दालन उघडलं १९३९ मध्ये. .३७२ नाही. गिब्सनच्या सन्मानफलकावर जवळपास ८०० होमरन लिहिलेत, तेही नाहीत. .३७२ गाळताना खरंच जिवावर आलं. तो आकडा मिळवायला लोकांनी जुन्या वर्तमानपत्रांतली धावपत्रकं एकेक करून वेचली आहेत. पण तो आकडा आपला आहे, त्या पोराचा नाही.

गिब्सनची मराठी पाठ आता अशी आहे :

“क्र. २४१. जोश गिब्सन, कॅचर, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. वय २१. जन्म ब्युएना व्हिस्टा, जॉर्जिया. वडील इथल्या पोलाद कारखान्यात लागले तेव्हा कुटुंब पिट्सबर्गला आले. १९३० साली होमस्टेड ग्रेज संघातून पुढे आला. गेल्या वर्षापासून क्रॉफर्ड्सकडे. उजव्या हाताने फटकेबाजी करतो. चेंडू टोलवताना पाऊल जेमतेम उचलतो. सारा जोर खांद्यांत व मनगटांत. घरचे मैदान ग्रीनली फील्ड, बेडफर्ड अव्हेन्यू.”

आईने ‘फटकेबाजी करतो’ च्या जागी ‘खेळतो’ सुचवलं. ते बरोबर आहे, पुढच्या प्लेटमध्ये बदलेन.

चार्ल्सटनचं लिहिणं सोपं गेलं, कारण ३३ साली त्याच्या मागे भरपूर आयुष्य होतं. इंडियानापोलिसचा पोरगा, कोवळ्या वयात सैन्यात भरती होऊन फिलिपिन्सला गेलेला, डावखुरा, आता ३६ वर्षांचा आणि संघाचा खेळाडू-व्यवस्थापक. त्याचं कार्ड आता म्हाताऱ्या सिंहाचं झालंय, ज्याच्यापुढे संघातल्या पोरांनी नीट वागावं. कूल पापा बेलबद्दल मात्र मोह आवरत नाही. खोलीतला दिवा मालवून अंधार व्हायच्या आत तो अंथरुणात शिरायचा, ही गोष्ट पेज रंगवून सांगायचा. पण ती पेजच्या तोंडची, नंतर गाजलेली. पाठीवर फक्त एवढंच : स्टार्कव्हिल, मिसिसिपी, दोन्ही हातांनी खेळतो, सेंटर फील्ड, या हंगामात क्रॉफर्ड्समध्ये दाखल.

छपाईचं थोडक्यात. पुढची बाजू घरच्या इंकजेटवर, ६०० डीपीआयला १४२५ बाय १७२५ पिक्सेल, म्हणजे २ ३/८ बाय २ ७/८ इंच. पाठ मात्र इंकजेटवर काढायची नाही. भिंगाखाली धरा : प्रिंटरचा हिरवा म्हणजे निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी, आणि अक्षराची कड फाटलेली. जुन्या पाठीवरचं अक्षर एकाच शाईचं, भरीव असतं. म्हणून पॉलिमरची प्लेट करून घेतली आणि इथल्या एका छपाई वर्कशॉपमधल्या छोट्या हातमशीनवर हिरव्या शाईत छापतो. इंग्रजी पाठ दुसऱ्याच दिवशी स्वच्छ उठली. मराठीने घाम काढला. वळण मला मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या टाइपासारखं हवं होतं, म्हणून बाबांच्या वेळच्या पत्रिका स्कॅन करून त्यावरून अक्षरं काढली. सात पॉइंटला ‘क्रॉफर्ड्स’ मधला रफार, ड आणि स एकमेकांत शाईने बुडाले. नऊ पॉइंटला नेलं, रफाराची शेपटी उघडी केली, काना किंचित बारीक केला. आता वाचता येतं, पण मजकूर तीन ओळींनी वाढला आणि तेवढे शब्द मला कापावे लागले. पाठीचा मजकूर आटोपशीर झाला, त्याचं अर्धं श्रेय त्या रफाराचं.

दोन्ही कागद करड्या पुठ्ठ्याला गव्हाच्या खळीने चिकटवतो. पहिली खेप केळीच्या पानासारखी वळली. पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या धाग्यांची दिशा एकच ठेवली आणि दोन दिवस वजनाखाली दाबलं तेव्हा सपाट राहिली. दुकानदाराने ‘जुन्या धाटणीचा’ म्हणून विकलेला कागद अतिनील दिव्याखाली निळा चमकला, म्हणजे त्यात आजकालची उजळवणारी रसायनं होती. तो गठ्ठा मुलीला चित्रांना दिला.

चहाचं पाणी, सँडपेपरने कोपरे गोल करणं, सुरकुत्या पाडणं यांविषयी विचारणाऱ्यांना : मी यातलं काही करत नाही आणि करूही नये असं माझं मत आहे. ही कार्डं कुणाच्या खिशात ९० वर्षं राहिलेली नाहीत. ती राहिली होती असा आव आणला तर ज्या अन्यायासाठी हे काम हाती घेतलं तोच पुसला जातो. पाठीच्या तळाशी, जिथे मूळ कार्डावर कंपनीचं नाव असतं, तिथे मी माझी आद्याक्षरं आणि छापल्याचं खरं साल घालतो. विकत नाही.

पुढे बेलची पाठ, मग जूडी जॉन्सन. पेज सगळ्यांत शेवटी ठेवलाय. त्याची १९४८-४९ ची आणि १९५३ ची खरी कार्डं आहेत, त्यामुळे चेहरा ओळखीचा, पण ती सगळी चाळिशी ओलांडलेल्या माणसाची. मला सत्तावीस वर्षांचा पेज काढायचाय, आणि त्याचा तो उंच उचललेला पाय एवढ्या चौकोनात मावत नाही. सध्या बूट वरच्या कडेने कापला जातोय. पार्श्वभूमी अजून ठरवलेली नाही.

गिब्सनच्या मराठी पाठीचे ३० ताव छापले, त्यातले १२ चांगले उठले. एक आईला सांगलीला पाठवलाय, लाल पेनसकट.