पडछाया नसलेली हाडं

परभणी, रविवार

भाची इथं पशुवैद्यकीयला शिकते. तिच्या पुस्तकातली जनावरांच्या हाडांची चित्रं आज दुपारभर पाहत बसलो. "मामा, ती पाठ करायची असतात, बघत नसतं बसायचं," म्हणाली. करू दे पाठ.

जन्म चित्रकला शिकवण्यात गेला, पण उजेडाची इतकी शिस्त क्वचित पाहिली. फरा (खांद्याचं पसरट हाड) असो, मणका असो, उजेड डावीकडून वरूनच येणार. म्हणजे फुगवटा कुठला नि खळगा कुठला, हे विचारावंच लागत नाही. आणि पडछाया नाही! एलिमेंटरीच्या पोरांना मी सांगत आलो, सावली पाडा, नाहीतर वस्तू तरंगते. ही हाडं तरंगतातच. खाली टेबल नाही, जमीन नाही. तरी वजनदार वाटतात. बारकाईनं पाहिलं तर सगळी करामत ठिपक्यांची. अंधाऱ्या बाजूला ते दाटत जातात, पण अगदी कडेला येऊन पुन्हा विरळ होतात. त्या उजळ पट्टीनं हाड गोल होतं. पेन्सिल घासून हे साधत नाही.

सगळ्यात जास्त वेळ फऱ्यावर गेला. घोड्याच्या फऱ्यावरची उभी धार खाली येता येता विरून जाते. बैलाची तशी विरत नाही. टोक काढून एकदम थांबते. पोळ्याला इतके बैल सजवले, त्यांच्या खांद्यात अशी रेघ असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. फोटोत ती दिसली नसती असं नाही, पण फोटोत डाग, तडा, मातीही येते. चित्रकार काय गाळायचं ते ठरवतो. माझ्या मते कला तिथंच आहे, सफाईत नाही.

जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकारानं हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात सुमारे १८ महिने मेलेले घोडे टांगून, सोलून चित्रं काढली. छपाईसाठी ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरावी लागत. लंडनचे कोरणारे ते काम घेईनात, तेव्हा पत्रे स्वतःच कोरले. ग्रंथ निघाला १७६६ साली. खुणेची अक्षरं त्यानं वेगळ्या बाह्यरेषाचित्रांवर टाकली, मूळ चित्र मोकळं ठेवलं. हे मला फार आवडलं. आमच्या पाठ्यपुस्तकांत चित्राला चहूबाजूंनी बाण टोचलेले असतात.

त्याच्या आधी, १७३३ मध्ये, विल्यम चेसेल्डन या शल्यविशारदाचा हाडांवरचा ग्रंथ आला. अचूकपणासाठी त्याचे चित्रकार कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत, म्हणजे समोरच्या वस्तूची प्रतिमा आत पाडणारी अंधारी पेटी. त्यात कुत्र्याचा नि मांजराचा सांगाडा एकमेकांवर गुरगुरताना दाखवलाय. गंमत आहे, हसूही येतं. पण नजर भांडणाकडे जाते आणि हाड मागं राहतं. स्टब्जच्या घोड्याचं कुणाशी काही वाकडं नाही, म्हणून फऱ्यापासून खुरापर्यंतची रेघ निवांत पाहता येते.