चालू मशीनचा बायोस बदलावा का? माझा अनुभव

आमच्या घरात जॅकार्डचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, काम दोन पिढ्यांचं आहे. वडील नक्षीप्रमाणे भोकं पाडून कार्ड पंच करायचे, मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. चादरीचा किनारा, टॉवेलवरचा बुट्टा, कुणाला मधोमध नाव विणून हवं असेल तर त्याची अक्षरं. फाइल तयार झाली की पेनड्राइव्हवर घालायची आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखानदाराला नेऊन द्यायची. माझं कॉम्प्युटरचं मशीन 2019 चं आहे. एएमडीचा रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 चा मदरबोर्ड, 16 जीबी रॅम. सहा वर्षांत कधी अडलं नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट बंद होणार होते, म्हणून गणपतीनंतर मी विंडोज 11 चालेल का ते तपासलं. उत्तर आलं, टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) सापडत नाही. नवी पेठेतल्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले, "ताई, बायोस मारावा लागेल. आणून ठेवा, संध्याकाळी घेऊन जा." बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम; मारायचा म्हणजे नवा टाकायचा. पुण्यात भाचा आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, चालू मशीनच्या बायोसला हात लावू नकोस. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला समज."

दोघांचंही पटण्यासारखं होतं, पण माझ्या मशीनचा बायोस कोणता, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. ते मी पाहिलं. विंडोजच्या शोधात msinfo32 टाइप केलं की बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. माझी डिसेंबर 2018 ची निघाली. म्हणजे मशीन घेतल्यापासून कुणी हातच लावला नव्हता.

मग बायोसमध्ये शिरून एकेक पान वाचलं. एफटीपीएम नावाची ओळ तिथेच होती, फक्त बंद. या प्रोसेसरमध्ये टीपीएम आतच असतं, वेगळा तुकडा लावावा लागत नाही. ते चालू केलं आणि पुन्हा तपासलं, तर सगळं हिरवं. 2600 हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. रायझन 1000 मालिका नाही, आणि 2200जी, 2400जी हे नावाने 2000 चे असले तरी तेही नाहीत, कारण आतून ते पहिल्याच पिढीचे आहेत. तुमचा यातला असेल तर बायोस कितीही नवा टाका, तो यादीत येणार नाही.

म्हणजे विंडोज 11 साठी अपडेटची गरजच नव्हती. मी तिथेच थांबले असते.

पण आठवड्याभरात नवीनच सुरू झालं. किनाऱ्याच्या आलेखावर एकेक चौकोन भरत असताना माउसचा बाण जागीच थिजायचा, कॉम्प्युटरवर रेडिओ लावलेला असला तर आवाज घरघरायचा, आणि दीड-दोन सेकंदांनी सगळं पुन्हा सुरळीत. दिवसातून एखाद-दोन वेळा. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. पण त्या दोन सेकंदांत दाबलेले क्लिक नंतर एकदम उमटतात, आणि चुकून भरलेला एक चौकोन पुढे चादरीत आडव्या रेघेसारखा दिसतो. मला ते चालणार नव्हतं.

शोधलं तर कारण सापडलं. एफटीपीएम आपली माहिती बायोसच्याच चिपमध्ये लिहितं-वाचतं, आणि कधी त्याला वेळ लागला की सगळं मशीन क्षणभर अडतं. एएमडीने हे मार्च 2022 मध्ये मान्य केलं आणि अजेसा 1.2.0.7 मध्ये दुरुस्ती दिली. अजेसा म्हणजे एएमडीकडून बोर्डवाल्यांना मिळणारा बायोसचा गाभा. माझ्या बायोसमध्ये तो फार जुना होता. आता मात्र अपडेट करायला माझ्याकडे नेमकं कारण होतं.

भीती होती ती जुन्या प्रोसेसरची. बी450 च्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप 16 एमबीचीच असते. रायझन 5000 आले तेव्हा त्यांना जागा करून देण्यासाठी काही बोर्डांनी नव्या आवृत्तीतून जुने प्रोसेसर वगळले. जास्त करून एएमडीचे जुने ए मालिकेचे गेले, पण सगळीकडे सारखं नाही. म्हणून बोर्डाच्या सपोर्ट पानावरची प्रोसेसरची यादी उघडली आणि 2600 ची ओळ बोट ठेवून वाचली. तो शेवटच्या आवृत्तीतही होता. दोन सूचना मात्र बारीक अक्षरांत होत्या: आधी मधली एक आवृत्ती टाकायची, आणि नवी टाकल्यावर जुनीकडे परत येता येणार नाही.

नव्या बायोसने सगळंच भरून निघतं असंही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सिंकक्लोज नावाची त्रुटी बाहेर आली, तिची दुरुस्ती एएमडीने 2000 मालिकेसाठी दिलीच नाही. त्यामुळे सुरक्षेसाठी म्हणून मी हे करत नव्हते. मला माझा बाण थिजायला नको होता, एवढंच.

माझ्या बोर्डावर प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं बटण नाही, दुसरी राखीव चिपही नाही. कार्ड चुकीचं पंच झालं तर वडील तेवढंच एक कार्ड काढून नवं शिवायचे. इथे अर्धवट लिहिलं गेलं तर मशीन उठणारच नाही, चिप बाहेरून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने लिहून घ्यावी लागते. म्हणून तयारीला दोन दिवस घेतले. सगळी डिझाइनं वेगळ्या डिस्कवर घेतली. डबा उघडून टॉर्च लावली, पंख्यावरची रुई ब्रशने काढली, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबर वाचला, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या फाइली वेगळ्या असू शकतात. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो घेतला. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नाही याची खात्री केली. असती तर बायोस बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, म्हणून ती आधी कागदावर लिहून ठेवली असती. यूपीएसचा प्लग काढून पाहिला, अकरा मिनिटं टिकला.

रविवारी सकाळी सात वाजता, गल्लीतले माग सुरू व्हायच्या आत, बसले. पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला, त्यावर दोनच फाइली. बायोसच्या आतूनच अपडेट केलं, विंडोजमधून नाही. पहिली फाइल चार मिनिटांत झाली, मशीन उठलं. दुसरी झाल्यावर मात्र पडदा काळाच राहिला. पंखे फिरतायत, दिसत काही नाही. पॉवरच्या बटणाकडे हात गेला होता, तो मागे घेतला. मशीन दोनदा आपणच बंद होऊन सुरू झालं. रॅमची जुळणी नव्याने करत होतं, ते मला नंतर कळलं. त्या वेळी घड्याळाकडे पाहत बसले होते. साडेतीन मिनिटांनी बोर्डाचं चिन्ह दिसलं.

सेटिंग सगळी मूळपदावर गेली होती. रॅम 3000 वर चालायची ती 2133 दाखवत होती. फोटो पाहून एक्सएमपी (रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, पंख्याचा वेग लावला, एफटीपीएम आता आपोआप चालूच होतं. सोमवारी सकाळपासून टॉवेलच्या किनाऱ्याची 2688 हुकांची (हुक म्हणजे ताण्याचे धागे उचलणारे आकडे) फाइल घेऊन बसले, मुद्दाम रेडिओ लावून. रात्रीपर्यंत आवाज एकदाही तुटला नाही. बायोसची आवृत्ती आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि मंगळवारी फाइल कारखान्यात पोचवली.