नागदेवी स्ट्रीटवर स्पिंडल सँडर घेताना

घरच्या वर्कशॉपसाठी परवडणारा स्पिंडल सँडर, म्हणजे उभ्या फिरत्या दांड्यावर (स्पिंडलवर) लाकडाची गोलाई घासणारे यंत्र, आणायला पुण्याहून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला निघणाऱ्यांनी, दुकानदार फोनवर ‘माल तयार आहे’ म्हणाला एवढ्यावर विसंबून तिकीट काढू नये. त्याला यंत्राचा भाव विचारूच नये; १३ आणि १९ मिलिमीटरच्या सँडिंग स्लीव्ह, म्हणजे त्या दांड्यावर चढवायच्या सँडपेपरच्या नळ्या, सुट्ट्या मिळतात का आणि कितीला, एवढेच विचारावे. तिथे तो अडखळला, तर त्याच्याकडचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी ते लवकरच माळ्यावर जाऊन बसणार. लहान व्यासाच्या स्लीव्हवर मुळात पेपरच थोडा असतो, त्यामुळे ती सर्वांत आधी झिजते. आणि खुर्चीच्या पाठीला किंवा देव्हाऱ्याच्या कमानीला आतून गोलाई द्यायची, तर नेमकी तीच लागते.

सकाळी ७:१५ची डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला सोडते आणि तिथून क्रॉफर्ड मार्केटवरून बाजार चालत गाठता येतो. प्रवासाविषयी याहून सांगण्यासारखे काही नाही. रविवारी जाऊ नये.

फोनवर ज्याने ‘ऑसिलेटिंग’, म्हणजे स्पिंडल वर-खाली होणारा, हा शब्द पुन्हापुन्हा उच्चारला होता, त्याच्याच दुकानात प्रथम गेलो. टेबलावर मांडलेले यंत्र दिसायला झकास होते: बिडाचे टेबल, ४५० वॅटची मोटर, मिनिटाला २,००० फेरे. या जातीच्या लहान यंत्रात स्पिंडल फिरता फिरता साधारण १६ मिलिमीटर वर-खालीही होत राहते, मिनिटाला साठेक वेळा; त्यामुळे स्लीव्ह एकाच पट्ट्यात झिजत नाही, लाकडावर आडव्या रेघा उमटत नाहीत आणि पेपर एकाच जागी तापून लाकूड करपत नाही. पैसे मोजायचे ते याच हालचालीचे. मी यंत्र चालू करायला लावले, स्पिंडलच्या टोकाशेजारी फूटपट्टी उभी धरली आणि बघत राहिलो. टोक तसूभरही वर गेले नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘साहेब, लोड आयेगा तब ऊपर-नीचे होगा.’ हे धादांत खोटे आहे. वर-खाली करणारी रचना त्याच मोटरवरून गिअरने चालते. मोटर फिरली की स्पिंडल हललेच पाहिजे, मग लाकूड लावा अथवा लावू नका. सोबत नेलेला सागाचा तुकडा मी पुढे केला, तेव्हा लाईट गेल्याचे कारण निघाले, आणि डोक्यावरचा पंखा मात्र गरगरत होता.

त्याच यंत्राचा फोनवरचा भाव १६,५०० रुपये होता. दुकानात त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९७० रुपये चढले. मग पॅकिंगचे ३०० आणि स्टेशनपर्यंतच्या हमालीचे ४००. एकूण २०,१७० रुपये, आणि तेही न हलणाऱ्या स्पिंडलसाठी! बिल नको असेल तर जीएसटी सोडण्याची उदार तयारी त्याने दाखवली, पण बिल सोडले की वॉरंटीही सुटली. म्हणून कोणताही भाव कानावर पडताच ‘बिल आणि जीएसटी धरून किती?’ हा प्रश्न टाकावा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. घासाघीस त्यानंतर.

दुसरीकडे ‘अमेरिकन माल’ म्हणून ११० व्होल्टचे जुने यंत्र ट्रान्सफॉर्मरसकट दाखवण्यात आले. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारता, बदलत नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. इंडक्शन मोटर असेल तर ती आपल्या विजेवर सहात एक भाग हळू फिरते आणि जास्त तापते. अशा यंत्राला हात लावू नये, मग ते निम्म्या किमतीत मिळो.

ड्रिल मशीनला सँडपेपरची नळी चढवलेला रबरी ड्रम लावून भागवण्याचा सल्ला बाजारात प्रत्येक जण देतो. दोन-चार तुकड्यांपुरते ते ठीक आहे, पण उभ्या ड्रिलचे बेअरिंग मुख्यतः खालच्या दिशेच्या दाबासाठी असते आणि चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, बहुधा टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, नुसता घट्ट बसवलेला असतो. बाजूने सतत रेटा दिला की तो सैल होऊन फिरता फिरता निसटू शकतो. ज्याला महिन्याकाठी एखादेच गोल काम असते त्याने सँडरचा खर्च करूच नये, अर्धगोल कानस आणि काठीला गुंडाळलेला ऐंशी नंबरचा पेपर त्याला पुरेसा आहे.

अखेर मागच्या गल्लीतल्या एका अरुंद दुकानात, जिथे आधी स्लीव्हचा डबा पुढे आला आणि मग यंत्र, तिथे माझे काम झाले. दुपारच्या उन्हात माझी सहनशक्ती संपली होती, त्यामुळे त्या माणसाचे मी जरा जास्तच कौतुक करत असेन. तरी त्याच्या यंत्राचे टोक फूटपट्टीवर पंधरा मिलिमीटरच्या पुढे सरकताना मी स्वतः पाहिले. गुण्या जवळ ठेवावा आणि स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे का, ते चारी बाजूंनी तपासावे. धूळ ओढण्याचे तोंड आपल्या व्हॅक्यूमच्या पाइपला बसते का, हेही तिथेच पाहावे, कारण लाकडाची बारीक धूळ ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात आहे आणि हे यंत्र पिठासारखी धूळ काढते.

परतीची डेक्कन क्वीन ५:१०ला सुटते. यंत्राचे वजन बारा-पंधरा किलो, म्हणजे दोघे असल्यास हमाल करू नये. पेटीला चिकटपट्टी लागण्याआधी प्रत्येक ड्रमच्या मापाची टेबलाच्या भोकात बसणारी चकती मोजून घ्यावी, कारण चकती चुकीच्या मापाची असली की लाकडाचा कोपरा फटीत अडकतो. माझ्या पेटीत ५१ मिलिमीटरची चकती नव्हती. ती गल्ल्याशेजारी चहाच्या ग्लासाखाली सापडली.