पुणे–गोवा सायकलवारी: गुहागर ते रत्नागिरी

मुलींच्या सायकलींसाठी निधी गोळा करत कोकणपट्टीनं गोव्याला जाणाऱ्या आमच्या वारीत सगळ्यांनी धसका घेतला होता तो या टप्प्याचा. अंतर फार नाही, ८०-८५ किलोमीटर. देशावर एवढं दुपारच्या जेवणाआधी उरकतं. इथे मात्र गावं खाडीकाठी नाहीतर समुद्राला लागून आणि रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर. गाव आलं की उतार, सुटलं की चढ. नकाशावर किलोमीटर मोजून वेळ ठरवलात तर फसाल, चढाईची बेरीज बघा.

गुहागरच्या व्याडेश्वराला नमस्कार करून उजाडायच्या आत निघालो. पालशेतच्या उतारावर थंडीनं बोटं आखडली, पण लगेच पुढच्या चढानं जाकीट काढायला लावलं. वेळणेश्वरला पोहे-चहा. समुद्रात डुंबायचा मोह पुष्कळांना झाला. ओल्या, खारट चड्डीत उरलेला दिवस काढायची तयारी असेल तर खुशाल जा. हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन झालं. बामणघळ मात्र भरती असेल तरच बघण्यासारखी. खडकाच्या भेगेत लाट शिरून पाणी उंच उसळतं, ओहोटीला नुसती भेग दिसते.

खरं वेळापत्रक ठरवते ती तवसाळची जेट्टी. शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला जायला इथे फेरीबोट आहे. ती चुकली तर गटाचे दोन तुकडे पडतात, आणि अलीकडचा तुकडा सावली शोधत बसतो. म्हणून आम्ही ठरवून टाकलं होतं की जेट्टीपर्यंत ज्यानं त्यानं आपापल्या दमानं यायचं, पण बोटीत सगळे एकदमच चढायचे. फेऱ्यांच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणीच विचारून घ्या. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळानं निसरडा होतो. क्लीटवाले (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून सायकल ढकलत उतरणं म्हणजे कपाळमोक्षाला आमंत्रण. सपोर्ट गाडीत साध्या चपला ठेवा.

बोटीवर मजा झाली. आमच्या टी-शर्टवर ‘मुलींच्या शाळेसाठी सायकली’ असं छापलेलं. ते वाचून एका आजोबांनी विचारलं, ‘‘खंय देणार सायकली?’’ शिरूर-दौंडकडे, म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ‘‘मग ठीक. हयसर दिल्यात तर पोरी ढकलतच नेतील शाळेत!’’ बाकीचे प्रवासी हसले, पण मुद्दा पक्का होता. मदत कुठे लागू पडते हे आधी बघायला हवं, आणि इथल्या मुलींना सायकलीपेक्षा वेळेवर येणारी एसटी जास्त उपयोगाची. आजोबांनी तरीही शंभराची नोट काढली. मोबाइलला रेंज नसल्यानं क्यूआर कोडचा फलक कुचकामी ठरला, पावतीपुस्तकच कामाला आलं. निधीसाठी निघत असाल तर ते जवळ असू द्या आणि पावतीशिवाय रोख घेऊ नका.

जयगडला बंदर आणि वीज प्रकल्प असल्यानं सुरुवातीला अवजड ट्रक भेटतात. इथे गप्पा मारत जोडीनं चालवणं बंद, सगळे एका ओळीत. चढावर मागून एसटी आली तर पाय टेकून बाजूला व्हा, ड्रायव्हरला त्या वळणांवर ब्रेक मारायला लावू नका. दुपारी सड्यावर झाड औषधालाही सापडत नाही, खालचा जांभा दगड तापतो आणि वाराही गरमच येतो. प्रत्येकी दोन बाटल्या हव्यातच, त्यातल्या एकीत मीठ-साखर किंवा कोकमाचं पाणी. सपोर्ट गाडी कायम शेवटच्या भिडूच्या मागे ठेवली, पुढे पाठवली नाही. पंक्चर नेमकं मागच्याचंच होतं.

मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, १८६६ सालचा त्यांचा जन्म. स्मारकाच्या गार पडवीत थोडा वेळ बसल्यावर पाय ताळ्यावर आले. गणपतीपुळ्यात सुट्टीची गर्दी आणि गाड्यांच्या रांगा, तिथून आम्ही काढता पाय घेतला.

आरे-वारेसाठी मात्र हातात तासभर उजेड राखून ठेवा. कड्यावरून जाणाऱ्या त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक किनारा दिसतो, आणि उतार असा की हात ब्रेकवरून काढवत नाही. फोटोसाठी मधेच थांबू नका, पुढे रुंद जागा आहे. तिथे सगळे जमल्यावरच रत्नागिरीकडे निघालो. शहरात शिरताना दिवे लागले होते, तेव्हा मागचा लाल दिवा सकाळीच चार्ज केलेला असू द्या.

मुक्कामी पोचल्यावर आधी साखळी पुसून तेल द्या. खाऱ्या हवेत ती एका रात्रीत करकरायला लागते.