एकच काळा दगड, दोन काळ: पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आणि आयुका

पुण्यात एका सकाळीत जुनी आणि आधुनिक वास्तुकला शेजारी शेजारी पाहायची असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवाराइतकी सोयीची जागा नाही. क्रम मात्र पाळा: आधी मुख्य इमारत, मग त्याच आवारातली खगोलशास्त्राची संस्था आयुका. दोन्हीकडे आपला काळा बेसाल्टच आहे. तो आधी इंग्रजांच्या हातात आणि मग आयुकाचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या हातात कसा वागला, हे त्या क्रमानेच नीट कळतं.

मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात १८६४ साली काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. घडवलेला दगड, अर्धगोल कमानी, लांब व्हरांडे आणि एका बाजूला सुमारे ८० फुटी मनोरा, असा सगळा इटालियन थाट. समोर फार जवळ उभं राहू नका, मनोरा फोटोत मावत नाही. हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला जा, म्हणजे मनोरा मध्यावर नसल्याने येणारा तोलही दिसतो. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड इथल्याच, राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतत असताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं.

आत प्रशासकीय कामकाज चालतं, त्यामुळे दालनं आणि भुयारी वाट पाहायला पूर्वपरवानगी लागते. विद्यापीठाचा हेरिटेज वॉक असेल तर तोच धरा. नुसतं बाहेरून पाहणार असाल तर रविवार उत्तम, समोर गाड्या उभ्या नसतात.

आयुकाला मात्र वेळ द्या. जयंत नारळीकर संस्थापक संचालक असलेली ही संस्था १९८८ ची. इथली भिंत हात लावून पाहण्यासारखी आहे. खाली ओबडधोबड बेसाल्ट, प्रकाश शोषून घेणारा; त्यावर गुळगुळीत कडप्पा; आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश आणि ढग उतरतात. तीन काळे रंग, पण तिसरा थर प्रतिबिंबामुळे जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं, ते डोळ्याला पटकन ठरवता येत नाही. अवकाशाचा काळेपणा दगडात आणायची याहून साधी युक्ती आम्हाला ठाऊक नाही.

मधल्या कुंडाच्या पायऱ्या आपल्या बारवेची आठवण देतात. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक आहे. पण पुतळ्यांपाशी सेल्फी काढून लोक निघून जातात आणि भिंती राहून जातात.

फोटोचं गणित थोडं वेगळं आहे. काळा दगड चौकटभर असला की कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि आकाश पांढरं फटक पडतं, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला तर ग्रॅनाइटमधलं आकाशच पुसलं जाऊ शकतं, तेव्हा तो काढून ठेवा. कोरं निळं आकाश असलं की प्रतिबिंब सपाट दिसतं. पावसाळ्यानंतरचे विरळ ढग सगळ्यात चांगले. भर पावसाळ्यात दगडावर शेवाळं धरतं, पकड असलेले बूट घाला. एप्रिल-मे मध्ये दुपारी काळा दगड तापतो, दहाच्या आत आटपा.

आयुकात थेट शिरता येत नाही. आधी लिहून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा आणि वास्तुकला पाहायची आहे हे स्पष्ट सांगा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी दारं सगळ्यांना खुली असतात, पण तेव्हा गर्दीत कुंड दिसतच नाही. मुलांना न्यायचं असेल तर तो दिवस, इमारत पाहायची असेल तर दुसरा कुठलाही. विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीसाठी अर्धा तास जास्तीचा धरा. रिक्षावाल्याला नुसतं 'विद्यापीठ' न म्हणता 'मुख्य गेट' सांगा, कारण आवाराला अनेक दारं आहेत आणि चुकीच्या दारातून पायपीट बरीच होते.